झाकली मूठ आणि महिन्याचा हिशेब

(मंडळाच्या मदतनिधी संध्येत स्वयंपाकघर समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमची जागा खरं म्हणजे व्यासपीठावर नाही. ती हॉलच्या मागच्या बाजूला, चहाच्या पातेल्याजवळ. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी, प्रत्येक कार्यक्रमाचं सामान आणायचं, शिजवायचं, वाढायचं आणि शेवटी बिलं खजिनदारांच्या हातात द्यायची, एवढंच आमचं काम. पण अध्यक्ष म्हणाले, "महागाईवर तुमच्याइतक्या अधिकाराने कोण बोलणार?" हा मान म्हणायचा की चिमटा, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. आता उभेच राहिलो आहोत, तर पंधरा मिनिटं ऐकून घ्या.

सुरुवात तुपापासून करू. आयर्लंडमध्ये आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना पहिला आनंद झाला तो इथल्या लोण्याचा. पिवळंधमक, गवत खाणाऱ्या गाईंच्या दुधाचं. बिनमिठाचं लोणी आणायचं, मंद आचेवर कढवायचं, की घरभर वास आणि बरणीभर रवाळ तूप. तिकडे आईने जे सायीतून आठवडाभर जमवून केलं, ते इथे अर्ध्या तासात. तर मंडळी, इथल्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या एका वर्षात पाउंडभर लोण्याचा भाव सुमारे एक युरोने चढला. दूध चढलं, चीज चढलं. गाई इथल्या, गवत इथलं, पाऊस तर विचारूच नका, तरी भाव मात्र जगाच्या बाजाराचा. जगाने इथलं लोणी जास्त मागितलं की आपल्या वरणभातावरची धार बारीक होते. आमच्यातल्या एकीने तर लाडवाच्या पाककृतीत "तूप लागेल तसं" खोडून "तूप परवडेल तसं" असं लिहून ठेवलंय.

हसलात, बरं वाटलं. आता थोडे आकडे सांगतो, कारण आकड्यांशिवाय महागाईची गोष्ट म्हणजे नुसतं कुरकुरणं होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आयर्लंडमधला महागाईचा वार्षिक दर ९.२ टक्क्यांवर गेला. १९८४ नंतर एवढा दर इथे दिसला नव्हता. पूर्ण २०२२ ची सरासरी ७.८ टक्के, २०२३ ची ६.३ आणि २०२४ ची २.१. मग बातम्यांत सांगू लागले, महागाई उतरली. आपण दुकानात गेलो तर पाटीवर तोच वाढलेला भाव. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. जिना चढताना दम लागला आणि आपण हळू चढायला लागलो, म्हणजे आपण खाली आलो असं होत नाही. आधी चढलेल्या पायऱ्या तशाच राहतात. हे तीन दर एकावर एक धरले, तर २०२१ मध्ये शंभर युरोंना येणाऱ्या सामानाला २०२४ मध्ये सरासरी ११७ युरो पडतात. म्हणजे या तीन वर्षांत ज्याचा पगार सतरा टक्के वाढला नाही, त्याचा पगार कागदावर वाढूनही प्रत्यक्षात कमी झाला.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील शाळेत, बँकेत, एसटीत, सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्या घरांत "महागाई भत्ता" हा शब्द आपण पाढ्यांबरोबर शिकलो. भत्त्याचा हप्ता जाहीर झाला की वडील घरी येताना अर्धा किलो जिलबी आणायचे. भाव वाढले की सगळे नाही तरी थोडे पैसे मागून येणार, एवढा तरी भरवसा त्या भत्त्यात होता. इथे खासगी कंपनीत असा भत्ता नसतो. पगारवाढ साहेबाच्या मर्जीवर आणि कंपनीच्या ताळेबंदावर. २०२२ च्या अखेरीपासून संगणक क्षेत्रात नोकरकपात सुरू झाली, तेव्हा तर पगारवाढ मागायचं धाडसही अनेकांना झालं नाही. परवान्यावर आलेल्या माणसाची नोकरी गेली, तर ठराविक मुदतीत दुसरी शोधावी लागते. अशा वेळी भाव वाढले म्हणून कोण तोंड उघडणार?

आणि आपल्या स्वयंपाकघराचं एक पाऊल नेहमी तिकडे असतं. भारताने १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबवली आणि त्याच ऑगस्टमध्ये पिठाच्या निर्यातीवरही बंधनं आली. २० जुलै २०२३ ला बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. सोना मसुरी, कोलम, आंबेमोहोर हे सगळे त्या "इतर" मध्ये. त्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या दुकानदाराने एका घराला एकच पिशवी द्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांवर गणपती आणि आम्हाला मंडळाच्या मोदकांच्या पिठीची काळजी! ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. पण बंदी घालायचं कारणही समजून घेतलं पाहिजे. तिकडे भाव चढू नयेत, तिकडच्या गृहिणीला तांदूळ परवडावा, म्हणून ती होती. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात अशीच बंद केली, तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा होता आणि लासलगावच्या बाजारात शेतकरी डोक्याला हात लावून बसला होता. एकाची स्वस्ताई ही दुसऱ्याची मंदी असते. म्हणून "सगळं स्वस्त व्हायला हवं" असं आम्ही म्हणणार नाही. ज्याचा भार ज्याला पेलत नाही, त्याच्या खांद्याला दुसरा खांदा लागावा, एवढंच आमचं म्हणणं.

किराणा हा तसा लहान भाग. खरा घास घेतं ते घर. नव्या भाडेकरारांचं देशभरातलं सरासरी मासिक भाडं २०२४ मध्ये १,६०० युरोंच्या वर होतं, डब्लिनमध्ये त्याहून बरंच जास्त. ज्यांनी घर घेतलं ते सुटले असं समजू नका. जुलै २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेने लागोपाठ दहा वेळा व्याजदर वाढवले. तीन लाख युरोंच्या कर्जावर एक टक्का वाढला, की सुरुवातीच्या वर्षांत वर्षाला सुमारे तीन हजार युरो व्याज वाढतं. म्हणजे कुटुंबाची भारतवारीच गेली. २०२४ च्या जूनपासून दर उतरू लागले, पण ज्यांनी मधल्या काळात चढ्या दराने तीन-पाच वर्षं बांधून घेतली, त्यांना लगेच सुटका नव्हती.

विजेचं तेच. सप्टेंबर २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने प्रत्येक घराच्या वीजबिलात दोनशे युरोंचे तीन हप्ते दिले. पुढच्या वर्षी दीडशेचे तीन, त्याच्या पुढच्या वर्षी सव्वाशेचे दोन. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अर्थसंकल्पात ती सवलत नव्हती. आधार पायरीपायरीने काढून घेतला, बिल मात्र जागच्या जागी. आयरिश घरांत आई ओरडते, "इमर्शन बंद केलंस का?" आपल्याकडे आई ओरडायची, "गिझर बंद केलास का?" जगात कुठेही जा, गरम पाण्याची काळजी आईलाच.

हे झालं इथलं घर. आपल्यातल्या बहुतेकांचं दुसरंही एक घर चालू असतं, नाशिकला, सांगलीला, डोंबिवलीला, मडगावला. तिथली औषधं, कामाच्या बाईंचा पगार, सोसायटीचा खर्च, कधी अचानक दवाखाना. २०२५ मध्ये एका युरोला शंभराहून जास्त रुपये मिळू लागले, तेव्हा पाठवणाऱ्याला बरं वाटलं. पण दवाखान्याचं बिल रुपयांत असलं तरी तेही मागे राहत नाही. आणि दर रविवारी फोनवर काय होतं? तिकडून आई म्हणते, "आमचं सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी करू नका." इकडून आपण म्हणतो, "आमचंही मजेत आहे." दोन्हीकडे फोन ठेवला की वहीत बेरीज सुरू.

आता ज्यासाठी उभे राहिलो, ते बोलतो. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मध्यमवर्गाने ही म्हण फार मनावर घेतलीय. गरीब माणूस अडचण बोलून दाखवतो, कारण त्याला पर्याय नसतो. श्रीमंताला बोलायची गरज पडत नाही. मधला माणूस मूठ आवळून बसतो. पडदे बदलायचे राहिले, दातांचं काम पुढे ढकललं, थंडीत एकाच खोलीत हीटिंग लावलं, पण पाहुण्यांपुढे पोळीवरचं तूप कमी होऊ द्यायचं नाही.

पातेल्यामागे उभं राहिलं की बरंच दिसतं. नाव घ्यायचं आम्हाला कारण नाही, कुणी शोधूही नये. पण गेल्या काही वर्षांत आम्ही पाहिलंय. दर गणपतीला चौघं येणाऱ्या घरातून एकच जण येतो आणि म्हणतो, "मुलांची परीक्षा आहे." सहलीच्या यादीतलं नाव शेवटच्या दिवशी "बाहेरगावी जातोय" म्हणून निघतं. वाढदिवसाला बोलावलं तर भेटवस्तूचा खर्च नको म्हणून कुणाला ताप येतो. शिकायला आलेली मुलं आरतीला उशिरा येतात, प्रसाद मात्र दोनदा मागतात. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी, त्यात खोलीचं भाडं काढायचं. त्या मुलांना दुसऱ्यांदा वाढताना आम्ही काही विचारत नाही. वाढणाऱ्याने पानाकडे बघावं, चेहऱ्याकडे नाही, एवढं आम्हाला आमच्या आज्यांनी शिकवलंय.

यात लाज वाटण्यासारखं काय आहे, असा आमचा साधा प्रश्न आहे. भाव आपण वाढवले नाहीत. युद्ध आपण सुरू केलं नाही. मग न परवडण्याची शरम आपल्या डोक्यावर का?

इथल्या ज्येष्ठ सभासदांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रेशनवर मिळणारा लाल मिलो, दुष्काळी कामावरची सुकडी, रॉकेलची रांग. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभी राहिली. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे निघाले. चाळीतल्या, ब्लॉकमधल्या, पूर्वी कधी घराबाहेर घोषणा न दिलेल्या बायका त्यांत होत्या. त्यांनी एक फार मोठी गोष्ट केली. डब्यात साखर नाही, हे जे शेजारणीलाही सांगायचं नसे, ते त्यांनी रस्त्यावर थाळी वाजवून सांगितलं. सगळ्यांच्याच डब्यात साखर नाही, हे कळल्यावर लाज कुणाची कुणाला राहिली नाही. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवू लागली, स्वतःच मोजून वाटून घेऊ लागली. तक्रारीतून कामाची वाट निघाली.

ही वाट या देशालाही परकी नाही. १९५८ मध्ये डब्लिनमध्ये नोरा हर्लिही या शिक्षिकेने आपल्या सोबत्यांबरोबर पहिल्या क्रेडिट युनियन उभ्या केल्या. बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती, अशा माणसांनी आपापली बचत एकत्र ठेवायची आणि एकमेकांना रास्त व्याजाने कर्ज द्यायचं. आपल्या भाषेत पतपेढी. भिशी लावणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. हक्काचं आहे ते मागा. भाडं भरणाऱ्यांना करात सूट आहे. २०२४ सालासाठी ती एका व्यक्तीला एक हजार आणि जोडप्याला दोन हजार युरोपर्यंत होती. डॉक्टरांच्या बहुतेक खर्चावर वीस टक्के करसवलत मिळते आणि मागच्या चार वर्षांपर्यंतची मागता येते. २०२२ च्या मार्चपासून एका कुटुंबाला मान्य औषधांवर महिन्याला ऐंशी युरोंपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत, पण त्यासाठी कार्ड काढलेलं असावं लागतं. ऑगस्ट २०२३ पासून आठ वर्षांखालच्या मुलांना जीपीची भेट मोफत झाली. पाळणाघराच्या फीमध्ये सरकारी वाटा मिळतो, तोही अर्ज केल्याशिवाय येत नाही. आपण कर वेळेवर भरतो, मग परतावा मागताना "कोण त्या फॉर्मच्या भानगडीत पडणार" असं का म्हणतो? आमच्या समितीतल्या दोघी आणि हिशेबाची जाण असलेले दोन सभासद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहेत. कागद घेऊन या. बाहेर काही जाणार नाही.

दुसरी गोष्ट मंडळाची. या वर्षीपासून कार्यक्रमाच्या तिकिटाला तीन भाव नाहीत, दोन भाव नाहीत. दारात पेटी असेल. ज्याला जमेल त्याने ठरलेली रक्कम टाकावी, ज्याला जास्त जमेल त्याने जास्त, ज्याला जमणार नाही त्याने नमस्कार करून आत यावं. पेटीजवळ कुणी उभं राहणार नाही. वाढदिवसाच्या निमंत्रणावर "भेटवस्तू आणू नयेत" असं छापायची पद्धत आपण सगळ्यांनीच पाडू. लहान झालेले गणवेश, रेनकोट, बूट यांचं एक टेबल प्रत्येक कार्यक्रमात असेल, तिथे द्यायचं आणि न्यायचं, नोंद नाही. तांदूळ, डाळ, पीठ मोठ्या पोत्यांनी एकत्र मागवून वाटून घ्यायचं, याची पहिली यादी आमच्याकडे तयार आहे. आणि फेब्रुवारी २०२४ पासून बाटल्या-डब्यांवर अनामत लागते, लहानाला पंधरा सेंट, मोठ्याला पंचवीस. आपण कार्यक्रमानंतर त्या कचऱ्यात टाकत होतो. आता मुलं त्या गोळा करून परत देतील आणि पैसे निधीत जातील. थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेच्या भिंतीवर लिहिण्यापेक्षा मुलांच्या हातून झालेलं बरं.

तिसरी आणि शेवटची गोष्ट, आजच्या निधीची. अर्धा निधी इथे अन्न पोचवणाऱ्या संस्थांना जाणार आहे आणि अर्धा महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागातल्या मुलींच्या वसतिगृहाला, हे आपणांस ठाऊक आहे. काही जणांनी आम्हाला खासगीत विचारलं, "आपलीच ओढाताण असताना दुसऱ्याला कुठून द्यायचं?" प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही.

डब्लिनच्या बो स्ट्रीटवर कपुचिन डे सेंटर आहे. ब्रदर केव्हिन क्राउली यांनी ते १९६९ मध्ये बेघरांसाठी सुरू केलं. २०२५ मध्ये ते वारले. आता तिथे जेवायला आणि अन्नाची पिशवी न्यायला डोक्यावर छप्पर असलेली कुटुंबंही येतात. म्हणजे रांगेतला माणूस आणि आपण यांच्यात फार मोठी दरी उरलेली नाही. एखादी नोकरी, एखादं आजारपण, एवढंच अंतर. आणि वसतिगृहाचं पाहा. जी महागाई आपल्याला तुपाची धार बारीक करायला लावते, ती त्या मुलींच्या ताटातली डाळ पातळ करते. आपल्याकडे कमी करायला काहीतरी असतं, त्यांच्याकडे ते आधीच कमी झालेलं असतं.

या देशाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. १८४७ मध्ये, मोठ्या दुष्काळात, अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीने आयर्लंडसाठी १७० डॉलर पाठवले. काही वर्षांपूर्वीच त्या लोकांना स्वतःच्या भूमीतून हुसकावलं होतं, वाटेत त्यांची माणसं भुकेने आणि थंडीने मेली होती. कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला २०१७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या पोलादी पिसांच्या एका शिल्पाचं अनावरण झालं. १७० डॉलरांनी दुष्काळ हटला नव्हता. पण भूक म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाने दिलेलं, ते इथे अजून विसरलेलं नाही.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं ठरलेले वीस युरो देतात. मघाचा हिशेब लावला, तर २०२१ चे वीस युरो २०२४ मध्ये जेमतेम सतरा युरोंचं काम करतात. वसतिगृहाला तर डाळीचा भाव तिकडचा, पण न्याय तोच. ज्यांना जमेल त्यांनी तेवढी भर घालावी. आणि ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे, त्यांनी इथल्या मान्यताप्राप्त संस्थेला थेट स्वतःच्या नावाने वर्षात अडीचशे युरो किंवा जास्त दिले आणि एक फॉर्म भरला, तर ती संस्था सरकारकडून त्यावरचा कर परत मागू शकते. अडीचशेचे संस्थेच्या हाती सुमारे ३६२ युरो पडतात, तुमच्या खिशातून जास्त काही न जाता. फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, पेनसुद्धा.

ज्यांना या वर्षी काहीच देणं शक्य नाही, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. पाकीट कोरं परत करा आणि दोन तासांचं काम द्या. पोती उचलायला, हिशेब लिहायला, इथे एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांना फोन करायला माणसं हवीच आहेत. आणि ज्यांना स्वतःलाच मदत हवी आहे, त्यांनी आमच्यापैकी कुणालाही गाठावं. निधीतला एक लहानसा भाग कार्यकारिणीने आपल्याच सभासदांसाठी वेगळा ठेवला आहे. तो कुणाला दिला हे फक्त दोन माणसांना कळेल, आणि ती दोन्ही माणसं पोटात ठेवणारी आहेत.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही. पण आवळलेल्या मुठीने देता येत नाही आणि घेताही येत नाही. पाकिटं तुमच्या टेबलांवर आहेत.